नाशिकचं लाकूड आणि मुंबईचा घुमट

मुंबईतल्या म्युझियमवरचं व्याख्यान नाशिकमध्ये कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्त आहे. त्याचं कारण एका वाक्यात आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या तोंडी अजूनही ‘प्रिन्स ऑफ वेल्स’, या इमारतीचा जो परिचय सगळीकडे छापला जातो त्यात ते येतं. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांनी नाशिकच्या एका शाही वाड्यातला लाकडी महिरपींचा आणि खांबांचा संच विकत घेतला आणि तो पहिल्या मजल्यावरच्या गोलाकार कठड्यासाठी वापरला, असा त्याचा आशय आहे. बस्स, एवढंच. पुढचं वाक्य घुमटावर जातं.

आज मला या एका वाक्याची समीक्षा करायची आहे. कवितेची करतात, नाटकाची करतात. इमारतीच्या बांधकामाच्या नोंदींचीही करायला हरकत नाही. त्याही कुणीतरी लिहिलेल्या असतात, त्यातही काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवलेलं असतं. एक खुलासा आधीच करते. माझी टीका फायलींवर नाही. फायलींमधून बाहेर काढून जे लोकांसमोर ठेवलं जातं, फलकावर लिहिलं जातं, पुस्तिकेतून पुस्तिकेत उतरवलं जातं, त्यावर आहे.

आधी जे नीट सांगितलं जातं ते पाहू. १९०५ च्या नोव्हेंबरात प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पाचवे जॉर्ज, मुंबईत आले आणि ११ नोव्हेंबरला त्यांच्या हस्ते कोनशिला बसली. १९०७ मध्ये सरकारने ‘क्रिसेंट साइट’ नावाची अर्धचंद्राकृती जागा दिली. खुली स्पर्धा झाली आणि १९०९ मध्ये काम विटेट यांच्याकडे आलं. १९१४ ला इमारत उभी राहिली, पण महायुद्ध सुरू झालं आणि तिथं लष्करी रुग्णालय आणि बालकल्याण केंद्र आलं. १९२० मध्ये इमारत समितीच्या ताब्यात परत आली आणि १० जानेवारी १९२२ ला गव्हर्नरच्या पत्नी लेडी लॉइड यांच्या हस्ते उद्घाटन झालं. दगड कुठला तेही ठाऊक आहे: कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड. घुमटामागे विजापूरचा गोलघुमट आहे हेही सांगतात.

पैशांचा हिशेबही सांगतात. राजपुत्राच्या भेटीच्या स्मारकनिधीतून ३ लाख रुपये, सरकारकडून ३ लाख, मुंबई महापालिकेकडून अडीच लाख, सर करीमभाई इब्राहिम यांच्याकडून ३ लाख आणि सर कावसजी जहांगीर यांच्याकडून ५० हजार. बेरीज करा, बरोबर १२ लाख.

आता या यादीकडे कारकुनाच्या नजरेने बघा. ही सगळी जमेची बाजू आहे. कुणी दिले हे रुपयापर्यंत माहीत आहे. कुणाला दिले? पाथरवटाला किती, गवंड्याला किती, कुर्ल्याहून दगड आणणाऱ्या गाडीवानाला किती? आणि नाशिकच्या त्या घराला लाकडाचे किती दिले? खर्चाची बाजू परिचयात येतच नाही. आपल्याकडच्या कुठल्याही देवळाच्या जीर्णोद्धाराचा फलक बघा, तिथेही हेच असतं. देणगीदारांची नावं संगमरवरावर आणि सुताराचं नाव सुताराला माहीत. तेव्हा हा दोष एकट्या साहेबाचा म्हणून सोडून देता येणार नाही.

मग दगडाचं गाव सांगितलं, लाकडाचंही सांगितलं, तक्रार कसली? सांगते. कुर्ला ही खाण आहे. खाणीतून दगड काढला की तो नुसता दगड असतो, त्याला मागचा इतिहास नसतो. वाडा ही खाण नाही. त्या महिरपीखाली कुणाची तरी पंगत बसली होती, त्या खांबाला टेकून कुणीतरी हिशेब लिहीत होतं. ‘नाशिकचं लाकूड’ आणि ‘कुर्ल्याचा दगड’ हे एकाच दमात सांगितलं की एका इमारतीचा दुसऱ्या इमारतीसाठी कच्चा माल होतो. या वाक्यातली पहिली गडबड ही.

दुसरी गडबड ‘शाही’ या शब्दात आहे. नाशिककरांना हे समजावायला नको. अठराव्या शतकात नाशिकमध्ये राजा कोण होता? इथं पेशव्यांचा सरकारवाडा होता. गंगापूरला माधवरावांच्या आई गोपिकाबाई राहिल्या. चौंधसला राघोबादादांनी वाडा बांधला, त्याची आनंदवल्ली झाली. सरदारांचे वाडे होते, सावकारांचे होते, गंगेवरच्या क्षेत्रोपाध्यांचे होते. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. यातल्या प्रत्येकाची रचना वेगळी, नक्षीवर खर्च करायची ऐपत वेगळी आणि मुख्य म्हणजे ती करण्याचं कारण वेगळं. सावकार आपल्या पेढीच्या दर्शनी भागावर पैसे घालतो, सरदार दिवाणखान्यावर. ‘शाही’ म्हटलं की हे सगळं एका रेशमी रुमालाखाली झाकलं जातं. बरं, नारोशंकर हे ‘राजेबहाद्दर’ होते, पण तो किताब आहे, गादी नव्हे. किताबाचं भाषांतर करताना कारकुनाच्या हातून ‘रॉयल’ व्हायला कितीसा वेळ? तसं झालं असं मी म्हणत नाही. एक मोघम विशेषण किती दारं उघडी ठेवतं, एवढंच दाखवते आहे. वाड्याचं नाव लिहिलं असतं तर विशेषणाची गरजच पडली नसती. जिथे नाव नसतं तिथे विशेषण येतं, हे आपण मृत्युलेखांत रोज वाचतो.

आता लाकडाकडे येऊ, कारण कागद बोलत नसला तरी लाकूड बोलतं. वाड्याची रचना ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल की चौक हा चौकोनी असतो. तळखड्यावर खांब, खांबावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण, आणि वाडा खणांत मोजतात. महिरप या खणाच्या मापाची असते. केळफूल, सुरूच्या घाटाचा खांब, पानांची नक्षी, सगळं सरळ रेषेत एकामागून एक येण्यासाठी घडवलेलं असतं. विटेट यांनी ही सरळ ओळ घुमटाखालच्या गोल मोकळ्या जागेभोवती फिरवली. चौकोनाचं वर्तुळ करायचं तर खण मोजावे लागतात, किती महिरपी पुरतील ते बघावं लागतं, सांधे नव्या कोनात बसवावे लागतात. आणि वाडा उतरवताना सुतार प्रत्येक तुकड्यावर खूण करतो. खूण केली नाही तर पुन्हा जोडताना कुसू कुठलं आणि साल कुठली, काही कळायचं नाही. म्हणजे मोजमाप झाल्याशिवाय हे काम होणं शक्यच नव्हतं. विकत घेतलं म्हणजे किंमत ठरली, वाहतूक झाली, पावती झाली. ज्या व्यवहारात इतकी लिखापढी असते त्याचं जाहीर वर्णन एका वाक्याचं, आणि त्यात वाडा निनावी.

एक सांगायलाच हवं, नाहीतर मी नुसतीच कुरकुर करते आहे असं वाटेल. विटेट यांचा हा निर्णय कलादृष्टीने मला पटतो. त्या इमारतीत बाहेरून गोलघुमटाची आठवण आहे, आत खाली ठेंगण्या जैन धाटणीच्या खांबांच्या रांगा आहेत आणि वर हे मराठी लाकूड. कागदावर वाचलं तर खिचडी वाटेल. प्रत्यक्षात मान वर केली की दगडाच्या त्या प्रचंड थंडपणात लाकडाची ऊब जाणवते. बाकीची इमारत सरकारी आहे, तेवढा पट्टा घरगुती आहे. स्कॉटलंडहून आलेल्या माणसाला चौकातून वर बघण्याचा आनंद कळला होता, ही लहान गोष्ट नव्हे. त्या काळातल्या कित्येक सरकारी इमारतींवर भारतीय नक्षी नकलेसारखी चिकटवलेली दिसते. इथं नक्कल नाही, अस्सल माल आहे. पण अस्सल असल्यामुळेच प्रश्न येतो. नकलेला पत्ता नसतो. अस्सल वस्तूला असतो.

शिवाय वाड्यात जो खांब तुळई पेलत होता तो इथं कठड्याच्या कामाला लागला. इमारतीचा भार दगडी बांधकामावर आणि शोभेचा भार नाशिकवर, अशी वाटणी झाली. ही टीका नाही, वस्तुस्थिती आहे. पण संग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलेल्या एखाद्या मूर्तीखाली तुम्ही गाव, काळ, दगडाचा प्रकार लिहिता. तीच शिस्त, इमारतीचाच भाग झालेल्या या सगळ्यात मोठ्या वस्तूला लावली जात नाही. वस्तू पेटीत असली तर पुरावा आणि भिंतीत असली तर सजावट!

आता आपण गावाबाहेर जाऊ. फार लांब नाही, पांडवलेण्यापर्यंत. दहाव्या क्रमांकाचं लेणं नहपानाचा जावई उषवदात याने दिलेलं आहे. तिथला शिलालेख हा माझ्या मते महाराष्ट्रातल्या बांधकाम-दप्तराचा उत्तम नमुना आहे, आणि तो साधारण एकोणीसशे वर्षांचा जुना आहे. त्यात काय काय आहे पाहा. वर्ष ४२, वैशाख महिना. लेणं भिक्षुसंघाला दिलं. त्याबरोबर ३००० कार्षापणांची कायमची ठेव. ही रक्कम गोवर्धनच्या श्रेणींकडे गुंतवली: २००० एका विणकर श्रेणीकडे, महिना शेकडा एक व्याजाने, १००० दुसऱ्या विणकर श्रेणीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत द्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चिवरांसाठी.

आता हिशेब तपासा. दोन हजारांवर महिना शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे दोनशे चाळीस. जमा आणि खर्च पैशापर्यंत जुळतात! एकोणीसशे वर्षांनी मी इथं उभी राहून लेखापरीक्षण करते आहे आणि आक्षेप निघत नाही.

आणि शेवटी तो लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत ऐकवलं गेलं आणि रिवाजाप्रमाणे फलकवारात नोंदवलं गेलं. फलकवार म्हणजे नोंदी ठेवण्याची जागा, आजच्या भाषेत दप्तरखाना. म्हणजे दगडावरचा लेख ही प्रत आहे. मूळ नोंद गावाच्या दप्तरात होती. ते दप्तर गेलं, प्रत राहिली. पण प्रत करणाऱ्याला मूळ कुठे आहे ते सांगावंसं वाटलं, ही खरी दप्तरी वृत्ती. आपल्या पुस्तिकांना ‘नाशिकचा एक वाडा’ लिहिताना मूळ कागद कुठल्या कपाटात आहे ते सांगावंसं वाटत नाही.

त्याच डोंगरात, अठराव्या लेण्यात, चैत्यगृहाच्या दारावर लहानसा लेख आहे. धंभिक गावाने हे दिलं, एवढाच. दार एका गावाचं, चैत्यगृह पुरं करणारी बाई वेगळी, भट्टपालिका तिचं नाव. एका इमारतीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या लोकांचे, आणि ज्याचा भाग त्याच्यावर त्याचं नाव. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची चोविसाव्या वर्षाची आज्ञा आहे, ती मला फार आवडते. भिक्षूंना जे शेत दिलं होतं ते पिकत नाही, ते गाव वसत नाही, म्हणून त्याऐवजी शहराच्या हद्दीवरच्या आमच्या जमिनीतून शंभर निवर्तनं देत आहोत, असा आशय. सरकार स्वतःचा आधीचा हुकूम उपयोगाचा ठरला नाही हे दगडावर कोरून ठेवतं. हल्ली शुद्धिपत्रक काढायलासुद्धा किती जिवावर येतं!

कुणी म्हणेल, ते राजे आणि धनिक. कारागिराचं नाव तिथे तरी कुठे आहे? हा आक्षेप बरोबर आहे. पांडवलेणी कुणाच्या छिन्नीने खोदली ते हे लेख सांगत नाहीत. पण कार्ल्याला जा. तिथल्या चैत्याच्या दर्शनी भागावर धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे, बापाच्या नावासकट: वेणुवासाचा मुलगा. दार त्याने केलं. सुताराला, दाराचं श्रेय, नावनिशीवार. हे दोन हजार वर्षांच्या आसपासचं आहे. तेव्हा ‘त्या काळी अशी पद्धतच नव्हती’ ही सबब १९०९ साली चालणार नाही.

उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलं. बारा वर्षं लागली, रोज दोन हजार माणसं कामाला, तेवीस लाख खर्च, दगड रामशेजचा. नाशिकच्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, पाठ आहे. हे आकडे १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरातून पुस्तकापुस्तकांत आले. पण बारा वर्षं, दोन हजार, तेवीस लाख, या आकड्यांना आरतीची चाल आहे. उषवदाताच्या २४० ला ती नाही. आठवणीत राहण्यासाठी सांगितलेला आकडा आणि तपासता यावा म्हणून लिहिलेला आकडा, यांत फरक असतो. पहिला खोटा असतो असं नव्हे, पण तो जोडून बघता येत नाही. मुंबईच्या म्युझियमचे बारा लाख बेरजेत जुळतात, म्हणून ते काळारामच्या तेवीस लाखांपेक्षा वरचे. पण पलीकडे खर्च नाही, म्हणून उषवदाताच्या खालचे. माझं गुणपत्रक हे असं आहे. त्याच गॅझेटियरात पांडवलेण्याच्या लेखांचा अभ्यास पंडित भगवानलाल इंद्रजींचा आहे. म्हणजे एकाच ग्रंथात दोन्ही तऱ्हेचे आकडे शेजारी शेजारी नांदतात, आणि लोकांनी निवडून पाठ केलं ते काळारामचं.

आता काळाकडे जरा बघू. १९०५ ते १९२२. कोनशिला बसली तेव्हा बंगालची फाळणी नुकतीच झालेली, स्वदेशीची चळवळ पेटलेली. विटेट यांच्याकडे काम आलं त्याच १९०९ च्या २१ डिसेंबरला इथं विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. पुढची काही वर्षं मुंबई सरकारच्या कागदांत ‘नाशिक’ हा शब्द कटाच्या खटल्यासाठी आला, पोलिसांच्या अहवालांत आला. कोण कुणाच्या घरी उतरला, कुठल्या वाड्यात कोण भाडेकरू होता, याचा शोध पोलिसांनी गल्लीबोळांत जाऊन घेतला. म्हणजे सरकारला नाशिकचे वाडे नावानिशी लिहिता येत नव्हते असं नाही. गरज वाटली तेव्हा लिहिले. एका खात्याला वाडा हा पत्ता होता, दुसऱ्या खात्याला लाकूड. योगायोग असा की मारले गेलेले जॅक्सन स्वतः संस्कृतचे आणि इथल्या पुराणवस्तूंचे अभ्यासक होते.

त्याच सुमाराची आणखी एक गोष्ट. १९०६ मध्ये जोगलटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नहपानाची. त्यातल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. हरलेल्या राजाचं नाणं वितळवलं नाही, वर आपली खूण ठोकली आणि चालवलं. पण ठोकताना खालचा चेहरा पुसला गेला नाही. आज ते नाणं हातात घेतलं तर दोन्ही राजे दिसतात. कोण आधी, कोण नंतर, हे त्यावरूनच ठरलं. जुनी वस्तू नव्या सत्तेने वापरणं काही नवीन नाही, त्यात पापही नाही. नारोशंकराची घंटा वसईहून आली, पोर्तुगीजांची, तिच्यावरचं १७२१ साल तसंच आहे. म्युझियमच्या लाकडावर मात्र नवा छाप स्पष्ट आणि खालचा चेहरा गायब. नाणं पाडणाऱ्या टाकसाळीला जे जमलं ते वस्तूंचा इतिहास जपणाऱ्या संस्थेला जमायला काय हरकत होती?

इथं एक प्रतिवाद येतो, आणि तो वजनदार आहे. ते लाकूड इथंच राहिलं असतं तर आज असतं का? प्रामाणिक उत्तर: बहुधा नसतं. वाळवीने खाल्लं असतं, पुरात गेलं असतं, भावाभावांच्या वाटणीत चौक उभा चिरला गेला असता किंवा जळाऊ म्हणून वखारीत गेलं असतं. मुंबईत ते शंभरावर वर्षं जपलं गेलं. इमारतीचं अलीकडचं जतनकाम वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालं आणि शताब्दीच्याच वर्षी, २०२२ मध्ये, त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तो योग्यच होता. लाकूड परत आणा असं मी म्हणत नाही आणि कुणी म्हणू नये. आणून ठेवणार कुठे? माझी मागणी लाकडाची नाही, नावाची आहे.

आणि ही मागणी मागच्या काळापुरती असती तर मी इतका वेळ घेतला नसता. आजही नाशिकमध्ये वाडे उतरताहेत. पावसाळा आला की महापालिकेच्या धोकादायक घरांना नोटिसा लागतात. भाडेकरू, वारसदार, बिल्डर, तिघांची गाठ सुटली की आठ दिवसांत चौक मोकळा होतो. खांब, महिरपी, दारांच्या चौकटी, गणेशपट्टी असं सगळं टेम्पोत भरून जातं आणि कुठल्यातरी हॉटेलात, फार्महाऊसच्या पोर्चमध्ये उभं राहतं. तिथं विचारा, ‘हे कुठलं?’ उत्तर ठरलेलं: ‘एका जुन्या वाड्यातलं.’ विटेट यांच्या वाक्याचीच ही मराठी आवृत्ती.

कायद्याची गंमत बघा. घर उभं असतं तोवर ते स्थावर असतं; त्याची खरेदी नोंदवावी लागते, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर नाव चढतं. त्यातला खांब उपसला की तो जंगम होतो. त्याला साधी पावती पुरते, कधी तीही नसते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने मात्र ‘इमारतीपासून किंवा लेण्यापासून सुटी केलेली वस्तू’ शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर तिला पुरावस्तूच्या व्याख्येत स्पष्ट जागा दिली आहे. म्हणजे सुट्या झालेल्या खांबाचाही काही मान असतो, हे कायद्याला कळलं. पण वाडा उतरवायच्या आधी त्याचे चार फोटो, खणांचं मोजमाप आणि घराण्याचं नाव एका कागदावर लिहून कुठंतरी जमा करा, असा साधा रिवाज आपण पाडलेला नाही. फलकवार नाही, चरित्रही नाही. सिंहस्थाच्या निमित्ताने रस्ते रुंद होतात, घाट वाढतात, तेव्हा हे काम अधिकच निकडीचं होतं.

नाशिकचं स्वतःचं संग्रहालय तर वाड्यातच आहे, सराफ बाजारातल्या सरकारवाड्यात. पूर त्याच्या कितव्या पायरीला लागला हे जुने लोक अजून सांगतात. तीही एक नोंदवहीच म्हणायची. राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या ताब्यातली ती संरक्षित वास्तू आहे. तिथं मूर्ती, शस्त्रं, नाणी बघायला मिळतात, पण इमारतीनेच स्वतःबद्दल जरा जास्त बोलावं असं मला वाटतं. एक दालन नाशिकच्या गेलेल्या वाड्यांच्या कागदांचं आणि फोटोंचं असावं आणि त्यात पहिला फोटो मुंबईच्या त्या कठड्याचा लावावा. हे काम महाग नाही. चौक आधीच आहे, चौकाबद्दल सांगायचं आहे, आणखी काय हवं?

राहता राहिला शोधाचा भाग. अशा कामाचे कागद दोन ठिकाणी असतात, विकणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे. घेणाऱ्याची बाजू मुंबईत. सरकारी बांधकाम खात्याचे जुने खंड राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात बघायचे, आणि त्यांचं मुंबईतलं घर म्हणजे एल्फिन्स्टन कॉलेजची इमारत, म्युझियमपासून चार पावलांवर. विकणाऱ्याची बाजू इथं, तुमच्या माळ्यावर आहे. म्हणून विद्यार्थ्यांना सांगते, आधी इंग्रजी खंडांत शिरू नका, आधी मोडी शिका. वाड्याचं लाकूड गेलं ते १९०९ ते १९१४ च्या आगेमागे. त्या काळातली वाटणीपत्रं, गहाणखतं, सावकाराच्या वह्या, घरखर्चाच्या चोपड्या बघा. ‘लाकूडसामान’, ‘नक्षीचे खांब’, ‘माडी उतरविली’, ‘मुंबईस रवाना’, असा काही मजकूर दिसतो का ते पाहा. रेल्वेची बिल्टी सापडली तर सोन्याहून पिवळं, कारण इतकं सामान बैलगाडीने कसारा घाट उतरलं असेल असं वाटत नाही. जुन्या नाशिकच्या, पंचवटीच्या, भद्रकालीच्या घरांमधून चौकाचे जे जुने फोटो असतील, त्यांतल्या महिरपी मोजा. किती पाकळ्यांची महिरप, केळफूल कुठल्या घाटाचं, खांबाला पैलू किती, हे टिपून घ्या आणि मग एकदा मुंबईला जाऊन मान वर करून तेच मोजा. तिकीट काढावं लागेल, पण म्युझियमच्या आत वर बघायला बंदी नाही.

कुणाच्या घरी असे कागद असतील तर आज बरोबर आणायची गरज नाही. लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, रुमालात बांधलेले तसेच राहू द्या. मागच्या टेबलावर वही ठेवली आहे, तीत घराण्याचं नाव, गल्ली आणि कागदांचा अंदाजे काळ लिहून जा. आता प्रश्न घेऊ.